पुण्यात नवीन आहात आणि कोर्टकचेरीची वेळ आली, तर

बीड-परभणीहून, बिहारमधून किंवा नेपाळमधून कामासाठी पुण्यात आलेल्या कुटुंबावर प्रसंग ओढवतो तो साधारण ठरलेल्या तऱ्हेचा असतो. ठेकेदार पगार बुडवून फोन बंद करतो, खोलीमालक सामान बाहेर काढतो, नाहीतर घरातल्या मुलाला रात्री चौकीत नेलं जातं. मग गावाकडे फोन जातो आणि व्याजाने पैसे काढले जातात. वकील म्हणजे पैसे, हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं असतं. विधी स्वयंसेवक म्हणून काम करताना मला भेटलेल्या कितीतरी जणांना सरकारी खर्चाने वकील मिळाला असता, पण ते कळेपर्यंत मंगळसूत्र गहाण पडलेलं होतं. म्हणून पुढचं सगळं वाचताना एक क्रम पक्का ठेवा: आधी मोफत मदतीचा अर्ज, आणि त्यानंतरही गरज उरलीच तर खिशात हात.

पायरी १: तुम्ही पात्र आहात का ते बघा

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 मध्ये पात्र लोकांची यादी आहे. त्यात सर्व स्त्रिया, 18 वर्षांखालची मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि कोठडीत किंवा तुरुंगात असलेली माणसं येतात. मानवी तस्करीला किंवा वेठबिगारीला बळी पडलेले, तसंच पूर, भूकंप, दुष्काळ, जातीय हिंसाचार यांत सापडलेलेही येतात. या कुणालाच उत्पन्नाची अट नाही. नवरा चांगला कमावता असला तरी बायकोला मोफत वकील मिळतो. इथे बऱ्याच बायका स्वतःहून मागे फिरतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

यादीत न बसणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 3 लाख रुपये आहे. उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराकडून मिळतो, आणि बाहेरून आलेल्या माणसाचं सगळं घोडं इथेच अडतं, कारण कागद गावाकडे असतात. पण याच कायद्याच्या कलम 13 नुसार उत्पन्नाबाबत अर्जदाराचं प्रतिज्ञापत्र पुरेसं मानता येतं. त्यावर अविश्वास ठेवण्याचं कारण असलं तरच अधिकारी ते नाकारू शकतात. दाखल्यासाठी गावाला जाऊन आठवडा घालवण्याआधी कार्यालयात विचारा, ‘प्रतिज्ञापत्र चालेल का?’

पायरी २: योग्य दारात जा

पुण्यात हे दार म्हणजे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात. मेट्रोने आलात तर जिल्हा न्यायालय (पूर्वीचं नाव सिव्हिल कोर्ट) स्थानकावर उतरा. पिंपरी-स्वारगेट आणि वनाज-रामवाडी या दोन्ही मार्गिका तिथेच मिळतात. गेटवरच्या पोलिसाला ‘विधी सेवा’ म्हणून विचारलंत तरी पुरतं.

शहराबाहेर राहत असाल तर तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. चाकणला कंपनीत असाल तर तुमचा तालुका खेड, म्हणजे राजगुरुनगरचं कोर्ट. तळेगावकरांसाठी वडगाव मावळ, रांजणगाव एमआयडीसीतल्यांसाठी शिरूर. जाणं जमत नसेल तर 15100 हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा, म्हणजे नालसाचा, मोफत क्रमांक आहे. नालसाच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन अर्जही करता येतो. तरी माझं मत विचाराल तर पहिल्या वेळी समोर जाऊन बोला. आपली हकीकत फोनवर नीट सांगता येत नाही, आणि कागद बघितल्यावर समोरच्याला चार प्रश्न जास्त सुचतात.

एक खबरदारी घ्या. कुठल्याही कोर्टाच्या बाहेर ‘काम करून देतो’ म्हणणारी माणसं भेटतात. विधी सेवेच्या अर्जाला फी नाही. अर्ज लिहून देण्याचे, ‘साहेबांना सांगण्याचे’ पैसे कुणी मागितले तर तिथून निघा आणि थेट कार्यालयात जा.

पायरी ३: अर्ज

छापील नमुना कार्यालयातच मिळतो. लिहिता येत नसेल तर तिथले कर्मचारी किंवा स्वयंसेवक तुमचं म्हणणं लिहून घेतात, ते त्यांचं कामच आहे. साध्या कागदावर लिहायचं असेल तर मजकूर एवढाच हवा:

‘प्रति, मा. सचिव, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, पुणे.
विषय: मोफत वकील मिळण्याबाबत.
मी (नाव), सध्या राहणार (पत्ता), मूळ गाव (गाव, तालुका, जिल्हा). मी सेंटरिंगचं काम करतो. (इमारतीचं नाव) या साइटवर (तारीख) ते (तारीख) काम केलं. मुकादम (नाव) याने (रक्कम) मजुरी दिलेली नाही. माझ्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न (रक्कम) आहे. मजुरी वसुलीसाठी मला वकील मिळावा. सोबत आधारची प्रत व इतर कागद जोडले आहेत.
तारीख, सही किंवा अंगठा, मोबाइल क्रमांक.’

दुःख सगळं लिहू नका, तारखा लिहा. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय कुठल्याही सरकारी टेबलावरून उठू नका.

नालसाच्या नियमांप्रमाणे अर्जावर लगेच, आणि जास्तीत जास्त 7 दिवसांत निर्णय व्हायला हवा. नाकारला तर कारण मागा. त्याविरुद्ध प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे अपील करता येतं, आणि अध्यक्ष म्हणजे स्वतः जिल्हा न्यायाधीश. मंजूर झाल्यावर वकिलाची फी तर सरकार भरतंच, पण कोर्ट फी, टायपिंग, नकला, भाषांतर यांचा खर्चही या मदतीत येतो.

कागद कसे जमवायचे: मजुरीचं उदाहरण

इथे जरा थांबतो, कारण बाहेरून आलेल्या माणसाची केस बहुतेकदा इथेच ढिली पडते. ‘माझ्याकडे काहीच कागद नाही’ असं म्हणणाऱ्या एका सेंटरिंगवाल्याचा मोबाइल आम्ही टेबलावर ठेवून चाळला. मुकादमाने दर शनिवारी खर्चीला पाठवलेले पाचशे-हजार रुपये यूपीआयच्या यादीत होते, तारखेसकट आणि मुकादमाच्या नावासकट. ‘उद्या स्लॅब आहे, सात वाजता या’ असे आवाजी संदेश होते. स्लॅब भरताना साइटवर काढलेले फोटो होते आणि त्यांच्यामागे इमारतीचा फलक दिसत होता. नियुक्तिपत्र नसलेल्या माणसाचा पुरावा असा तयार होतो.

तो फलक फार महत्त्वाचा. कामाला लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात साइटच्या गेटवरच्या फलकाचा फोटो काढून ठेवा. त्यावर बिल्डरचं नाव आणि बहुधा महारेरा क्रमांक, म्हणजे बांधकाम प्रकल्पाचा सरकारी नोंदणी क्रमांक, असतो. तो क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर टाकला की बिल्डरचा अधिकृत पत्ता मिळतो. मुकादम पळून जातो, सिम बदलतो, इमारत मात्र जागेवरच असते. ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, असं कंत्राटी कामगारांचा कायदा पहिल्यापासून सांगत आला आहे आणि नव्या कामगार संहितांमध्येही ती तरतूद कायम आहे. म्हणून तक्रारीत एकट्या मुकादमाचं नाव कधीच टाकू नका. मुकादम, ठेकेदार आणि बिल्डर अशी तिघांची नावं टाका.

हजेरी वही मुकादमाकडे असते, तरी आपली वेगळी ठेवा. शाळेची दहा रुपयांची वही चालेल. तारीख, काम, किती तास, किती खर्ची मिळाली, एवढं रोज लिहा. शक्यतो सोबतच्या दोघांनाही लिहायला सांगा, एकाला दुसऱ्याची वही पूरक ठरते.

महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत मिळायला हवा. कामावरून काढलं तर हिशेब दोन कामाच्या दिवसांत. तो दिवस टळला की शिवाजीनगर भागातल्या कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या. इथे सुरुवातीला वकील लागतही नाही. अधिकारी दोन्ही बाजूंना बोलावतात, आणि बिल्डरच्या कचेरीत नोटीस पोचली की पुष्कळ थकबाक्या तिथेच निघतात. एकट्याने जाण्यापेक्षा सोबतच्या सगळ्यांनी मिळून एकच तक्रार द्यावी.

वीटभट्टी, ऊसतोड, खडी क्रशर इथे ‘उचल फिटेपर्यंत जाऊ देणार नाही’ असं सांगून कुटुंबच्या कुटुंब अडकवून ठेवतात. हा गुन्हा आहे. वेठबिगार पद्धत (निर्मूलन) अधिनियम, 1976 नुसार असं कर्ज रद्दच होतं. या तक्रारीसाठी तहसीलदार, प्रांत किंवा जिल्हाधिकारी यांच्याकडे जा, आणि मारहाण, कोंडून ठेवणं चालू असेल तर आधी 112 या तातडीच्या क्रमांकावर फोन लावा.

खोली आणि डिपॉझिट

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणी करून घेणं ही मालकाची जबाबदारी आहे. ती न केल्यास मालकाला 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. करार लेखी आणि नोंदणीकृत नसेल तर भाडं किती, मुदत किती याबद्दल भाडेकरू जे सांगतो ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. ‘नोटरी केलीय ना, बास’ असं एजंट सांगतात, पण नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे.

भाडं शक्यतो खात्यावरून द्या. रोख दिलंत तर पावती मागा, पावती देणं मालकाला बंधनकारक आहे. डिपॉझिटची रक्कम करारात आकड्यात आणि अक्षरात लिहिलेली हवी. खोली सोडताना भिंती, नळ, मीटरचं रीडिंग यांचे फोटो काढा. भाडेकरूचं पाणी किंवा वीज मुद्दाम तोडणं कायद्याला मान्य नाही. सामान बाहेर फेकून कुलूप लावणं हा खोली रिकामी करण्याचा कायदेशीर मार्ग नव्हे, त्यासाठी मालकालाही कोर्टातच जावं लागतं. तसं घडत असेल तर मोबाइलवर चित्रण करा, 112 ला फोन लावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विधी सेवेच्या दारात उभे राहा.

घरात मारहाण होत असेल

ताई, गावाकडे परत गेल्याशिवाय केस करता येणार नाही, असं कुणी सांगितलं असेल तर ते चुकीचं आहे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या 2005 च्या कायद्याने तुम्ही जिथे तात्पुरत्या राहत आहात तिथल्या न्यायालयातही अर्ज करता येतो. लग्न लातूरला झालं, सासर नाशिकला आणि तुम्ही सध्या येरवड्यात बहिणीकडे असाल, तरी पुण्यात अर्ज चालतो. आधी पोलिसांत गुन्हा नोंदवायलाच हवा असंही नाही. महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी तुमचं म्हणणं घेऊन घटनेचा अहवाल तयार करतात आणि न्यायालयात पोचवतात. संरक्षण, राहायला जागा, खर्च, मुलांचा ताबा हे सगळं एकाच अर्जात मागता येतं, आणि अंतरिम आदेशही मागता येतो.

तातडीला 112 किंवा महिला हेल्पलाइन 181. पुणे पोलिसांचा महिलांच्या तक्रारींसाठी भरोसा सेल आहे. नारी समता मंचासारख्या जुन्या संस्था हिंसाग्रस्त बायकांना समुपदेशन आणि सोबत देतात. आधी तिथे मन मोकळं करून मग कोर्टात गेलेल्या बायका जास्त ठामपणे बोलतात, हे मी बघितलं आहे. दवाखान्यात गेलात तर डॉक्टरांना खरं कारण सांगा. ‘पाय घसरून पडले’ असं केसपेपरवर लिहिलं गेलं की पुढे ते पुसणं अवघड होतं.

पोटगीसाठी शिवाजीनगरला कौटुंबिक न्यायालय आहे. तिथेही विधी सेवेचा वकील मिळतो.

घरातल्या कुणाला पोलिसांनी नेलं असेल

घाबरून पहिल्या भेटलेल्या माणसाला पैसे देऊ नका. आधी कुठली चौकी, कुठलं ठाणं, कुठला गुन्हा आणि गुन्हा क्रमांक एवढं विचारून लिहून घ्या. अटक केल्यापासून 24 तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, माणसाला दंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं. वकिलाला भेटण्याचा हक्क चौकशीच्या काळातही असतो. अटकेची कारणं लेखी आणि त्या माणसाला कळणाऱ्या भाषेत द्यायला हवीत, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात स्पष्ट केलं. मराठी न कळणाऱ्या मजुरासाठी हा निकाल मोठा आधार आहे.

कोर्टात उभं केल्यावर न्यायाधीशांना मोठ्याने सांगायचं: ‘साहेब, मला वकील नाही, विधी सेवेकडून वकील द्या.’ नुसतं ‘सरकारी वकील द्या’ म्हणू नका, कारण सरकारी वकील समोरच्या बाजूने खटला चालवतात. आरोपींसाठी न्यायालयात लोक अभिरक्षक कार्यालय असतं, तिथले वकील पूर्णवेळ हेच काम करतात. माणूस येरवडा कारागृहात असेल तर आतूनही अर्ज करता येतो, आणि कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

उलट, तुमच्याच बाबतीत गुन्हा घडला आणि ठाणेदार म्हणाले की ‘ही आमची हद्द नाही’, तरी तक्रार नोंदवून घ्यावीच लागते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते स्पष्ट आहे. याला झिरो एफआयआर म्हणतात. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या. नोंदवलीच नाही तर तीच तक्रार पोलीस उपायुक्तांना टपालाने पाठवा आणि पोचपावती जपा.

अपघात

इथे मुदत सगळ्यात जास्त माणसं चुकवतात. रस्त्यावरच्या अपघातात भरपाईचा दावा करण्याची कायद्यातली मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे. अपघात सोलापूर रस्त्यावर झाला असला तरी तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणात दावा करता येतो. धडक देऊन गाडी पळून गेली आणि नंबर मिळाला नाही, तरी सरकारी योजनेतून मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर जखमेसाठी 50 हजार रुपये मिळतात. त्याचा अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात करायचा. कामावर अपघात झाला तर पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जातो का ते आधी पाहा. नसेल तर मालकाकडून भरपाईचा दावा दोन वर्षांच्या आत करावा लागतो. ‘दवाखान्याचा खर्च आम्ही केला, आता सही करा’ म्हणून कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर अंगठा देऊ नका.

बाकी किरकोळ वाटणाऱ्या पण घर अडवून ठेवणाऱ्या दोन गोष्टी. गावाकडच्या रेशनकार्डावर पुण्यातल्या रास्त भाव दुकानात अंगठा देऊन धान्य मिळतं, शंका असल्यास 14445 ला विचारा. आणि जन्मदाखला किंवा जुन्या शाळेचा दाखला नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, हे 2009 चा शिक्षण हक्क कायदा सांगतो.

पायरी ४: वकील मिळाल्यावर

नेमणुकीचं पत्र घ्या, त्यावर वकिलाचं नाव आणि फोन असतो. केस दाखल झाली की 16 अक्षर-आकड्यांचा सीएनआर क्रमांक मिळतो. तो ‘ई-कोर्ट्स सर्व्हिसेस’ या अॅपमध्ये टाकला की पुढची तारीख मोबाइलवर दिसते. मजुरी बुडवून कोर्टात हेलपाटे घालण्यापेक्षा आदल्या रात्री हे बघून घ्या. पत्ता किंवा मोबाइल नंबर बदलला तर वकिलाला आणि कार्यालयाला लगेच कळवा. साइट बदलली, खोली बदलली, नोटीस जुन्या पत्त्यावर गेली आणि दावा निकाली निघाला, असं इथे सर्रास घडतं.

नेमलेला वकील तुमच्याकडून फी घेऊ शकत नाही. मागितली, किंवा तारखांना येतच नाही, फोन उचलत नाही, तर सचिवांकडे लेखी तक्रार करा आणि वकील बदलून मागा. बदलून मिळतो. पण एकदा मनासारखं झालं नाही म्हणून लगेच बदलू नका, नव्या वकिलाला प्रकरण पहिल्यापासून वाचावं लागतं.

मध्येच तुम्हाला लोकअदालतीत तडजोड करायला सुचवतील. पैशाच्या वादात हा मार्ग चांगला आहे: फी लागत नाही, आधी भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि निकाल त्याच दिवशी हातात पडतो. फक्त एक समजून घ्या, लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून रक्कम, हप्ते आणि हप्ता चुकला तर काय, हे तिन्ही कागदावर आल्याशिवाय सही नको. मराठी किंवा हिंदीत वाचून दाखवा, असं पॅनेललाच सांगा. तडजोड करायचीच असं बंधन नाही. नाही म्हटलंत तर प्रकरण पुन्हा नेहमीच्या कोर्टात चालतं.

भारताचे नागरिक नसाल तर

पुण्यात हॉटेलांत, सोसायट्यांच्या वॉचमनच्या खोल्यांत नेपाळी कुटुंबं खूप आहेत. 1950 च्या करारामुळे त्यांना इथे राहायला, काम करायला व्हिसा लागत नाही. तरी ‘आपण परदेशी, कोर्टात कसं जाणार’ म्हणून ती गप्प बसतात. कलम 12 मध्ये नागरिक असण्याची अट नाही. स्त्री, मूल, कोठडीतली व्यक्ती, कमी उत्पन्नाची व्यक्ती, मग ती कुठल्याही देशाची असो, अर्ज करू शकते. बुडवलेल्या पगाराची तक्रारही तशीच चालते. ओळखीसाठी नेपाळी नागरिकत्वाचं प्रमाणपत्र सोबत न्या, आणि भाषेची अडचण असेल तर अर्जातच ‘दुभाषा हवा’ असं लिहा. इतर देशांतून शिकायला किंवा राहायला आलेल्यांनी मुक्कामाची मुदत संपत आली असेल तर आधी परदेशी नागरिक नोंदणीचं काम मार्गी लावावं आणि त्याच वेळी विधी सेवेकडे अर्ज टाकावा. एकासाठी दुसरं थांबवू नये.